पैलवानाची शेजारती

फायटर मासा विकणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं. "ताई, याला काही लागत नाही." पंप लागत नाही, मोठी टाकी लागत नाही, लाईट तर नाहीच नाही. कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर हे मासे टीचभर पिशवीत नाहीतर बरणीत एकेकटे ठेवलेले दिसतील. त्या बरणीकडे बोट दाखवूनच दुकानदार विचारतो, बघा, राहतोय की नाही?

राहतो, हे खरं. हा मूळचा थायलंडकडचा. भातखाचरं, गवताळ डबकी, संथ वाहणारे ओहोळ ही त्याची जागा. तिथल्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून याला कल्ल्यांच्या जोडीला आणखी एक श्वसनेंद्रिय असतं. मधूनच वर येऊन तो तोंडाने हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. पंपावाचून तो तगतो तो यामुळे. पण जो तगतो त्याला काही लागत नाही, हा आपण परस्पर काढलेला निष्कर्ष. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, आणि हा निष्कर्ष माणसांच्या बाबतीतही निघताना बघत आले आहे. जो पेशंट हाक मारत नाही, कण्हत नाही, त्याच्या खाटेपाशी सगळे शेवटी पोचतात.

तर लाईट. फायटरला उजेड हवा तो दिवसाकाठी आठ-दहा तास, फार तर बारा. त्याच्या मूळ मुलखात वर्षभर दिवस बारा तासांच्या आसपासच असतो. खिडकीतून येणारा आडवा उजेड चालतो. थेट ऊन मात्र नको, कारण लहान टाकी बघता बघता तापते आणि काच शेवाळाने हिरवी होते. साधा मंद एलईडी पुरतो. त्याहूनही त्याला सावली आवडते. पाण्यावर तरंगणारी पानं असावीत, किंवा आपल्याकडे रस्तोरस्ती गळून पडणारं देशी बदामाचं वाळकं पान टाकावं. त्याने पाणी चहासारखं होतं आणि उजेड मवाळ होतो. इथवर कोणीही सांगेल. खरी गोष्ट उरलेल्या तासांची आहे. माशाला पापण्या नसतात. डोळे मिटून घेण्याची सोय देवाने त्याला दिलेली नाही. त्याच्या डोक्यातली पिनियल ग्रंथी थेट उजेड ओळखते. अंधार झाला तरच तिच्यातून झोपेचं रसायन सुटतं. म्हणजे रात्र त्याला बाहेरूनच मिळावी लागते. तळ्यात ती सूर्य मावळला की मिळते. आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये ती कोणीतरी बटण बंद केलं तरच मिळते, आणि हे बटण माझ्या हातात आहे, हीच माझ्या मते धर्माची गोष्ट आहे.

आमच्या माशाचं नाव पैलवान. लालभडक, शेपटीचा पिसारा अंगापेक्षा मोठा. रात्री हॉलचा दिवा घालवून नुसता टाकीचा दिवा ठेवला की आतल्या बाजूने काचेचा आरसा होतो. मग पैलवान थबकतो. कल्ल्यांची झाकणं दोन्ही बाजूंना उघडतात, त्यांच्याखालून दाढीसारखा काळपट पडदा बाहेर येतो, सगळे पर ताणले जातात आणि तो काचेला समांतर थरथरत राहतो. माझ्या जाऊबाईंची मुलं याच खेळासाठी मुक्कामाला येतात. "काकू, बघ कसा फुललाय!" सुंदर दिसतो, यात वाद नाही. पण त्याच्या बाजूने पाहिलं तर समोर त्याच्याच मापाचा शत्रू उभा आहे, जो हरत नाही आणि पळूनही जात नाही. दिवा चालू असेपर्यंत ही कुस्ती सुटत नाही.

याकोब फॉन उक्सक्युल नावाचा जीवशास्त्रज्ञ होता. प्रत्येक प्राण्याचं जग त्याच्या त्याच्या इंद्रियांनी विणलेलं असतं आणि एकाचं जग दुसऱ्याचं नसतं, हे त्याचं म्हणणं. १९३४ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात नेमका फायटर मासा येतो. त्याला आरशातलं स्वतःचं रूप सेकंदाला अठरा वेळा दाखवलं तर तो ओळखत नाही. निदान तीस वेळा दाखवलं तर मात्र अंगावर धावून जातो. आपल्या माणसांच्या सेकंदात मात्र उक्सक्युल अठराच क्षण मोजतो. म्हणजे पैलवानाच्या सेकंदात माझ्यापेक्षा जास्त क्षण मावतात. म्हणून त्याची उजेडातली रात्रही तितकीच लांबते, असं मी म्हणणार नाही. गणित एवढं सरळ नसतं. पण एका हॉलमध्ये, एकाच दिव्याखाली बसूनही आम्ही दोघं एकाच वेळेत नाही, एवढं कळलं की "आपल्याला चालतं तर त्याला का नाही चालणार" हे तोंडातून निघताना जड जातं.

उजेडाने माणसाचं काय होतं ते मला पुस्तकात बघावं लागत नाही. आमच्या विभागात दिवे रात्रभर जळतात. मॉनिटरच्या बीप-बीपमध्ये आणि त्या पांढऱ्या उजेडात म्हातारी माणसं दिवस-रात्र विसरतात. पहाटे तीनला विचारतात, "सिस्टर, संध्याकाळचा चहा आला नाही?" पुढे पुढे सलाईनच्या नळ्या ओढतात, गेलेल्या माणसांना हाका मारतात. याला डिलिरियम म्हणतात, आणि रात्री दिवे मंद करणं, झोप मोडेल अशी कामं एकत्र उरकणं, हा त्याला आवर घालण्याच्या उपायांतला एक. नवजात बाळांच्या काचपेटीवर तर दुपट्याचं आच्छादन घालतात. तरीही सगळे दिवे घालवता येत नाहीत. ओठ निळे पडताहेत का, बाहुली आकुंचते का, हे बघायला उजेड लागतो. तो उजेड पेशंटसाठी असतो. पण ड्युटीवरची एखादी मुलगी फाईल लिहायला सगळी रांग उजळते, तेव्हा तो पेशंटसाठी नसतो. दिवा एकच, बटण एकच, पण कोणासाठी लावला यावरून त्याचं पाप-पुण्य बदलतं, असं माझं मत.

(रात्रपाळीच्या आमच्या लोकांत एक जुना विनोद आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची खूण सांगितलीय, की सगळ्या भूतांची रात्र असते तेव्हा तो जागा असतो. त्या हिशेबाने आम्ही सगळ्या सिस्टर केव्हाच ब्रह्मपदी पोचलो!)

माझं माहेर बार्शीचं, घरात वारी. त्यामुळे उजेड, पाहणं आणि झोप या तिन्हींचं नातं मी आधी शिकले ते पंढरपुरात. विठोबाचा दिवस काकड्याने सुरू होतो आणि शेजारतीने संपतो. शेजारती झाली की दार बंद. मग राजा येवो की रंक, देव झोपलेला असतो. आषाढी-कार्तिकीला मात्र गर्दी इतकी, की देवाचा पलंगच काढून ठेवतात. काकडा नाही, शेजारती नाही, चोवीस तास दर्शन. उभ्या देवाला टेकायला पाठीशी लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, आणि शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात. मग पलंग परत येतो.

लहानपणी मला यातली माया दिसायची. आता नर्सच्या डोळ्यांनी त्यातला विचार दिसतो. दर्शन घेणारा रांगेत दमतो, हे कोणीही मान्य करील. पण दर्शन देणाराही दमतो, बघितलं जाणं हेसुद्धा कष्टाचं काम आहे, हे त्या पूजेने गृहीत धरलंय. इतकंच नाही, तर त्या कष्टाची भरपाई पाहणाऱ्यांच्या बाजूने करायची असते, असंही ठरवून टाकलंय.

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, "आई, दगडाला शीण येत नाही. मज्जासंस्था माशाला आहे. तू दगडाला काढा पाजतेस आणि माशावर दिवा लावून पाहुण्यांना बोलावतेस." दुसरं वाक्य वर्मी लागणारं आहे आणि पहिलंही मला खोडायचं नाही. पण शेजारती दगडाच्या मज्जासंस्थेसाठी नसतेच. ती दाराबाहेरच्यांसाठी असते. कितीही भक्ती असली, कितीही लांबून चालत आलेले असलात, तरी एका घटकेनंतर तुम्ही पाहायचं थांबायचं, हे ती शिकवते. देव न कुरकुरता चोवीस तास उभा राहू शकतो, म्हणूनच त्याला झोपवण्याचा नेम माणसाने स्वतःवर घालून घेतला. जो तक्रार करू शकत नाही त्याच्यापुढे आपली हौस आवरायची सवय तिथे लागते. ती सवय घरी येताना देवळाच्या पायरीवर ठेवून यायची असेल, तर मुलगा म्हणतो तेच खरं.

म्हणून टाकीला टायमर बसवलाय. सकाळी दहाला दिवा लागतो, रात्री आठला जातो. माझी नाईट असो की मॉर्निंग, पैलवानाचा दिवस माझ्या ड्युटीच्या तक्त्यावर चालत नाही. नाईट करून आले की मी खोलीचे पडदे ओढून झोपते. त्याची टाकी मुद्दाम हॉलमध्ये ठेवली आहे. दिवा गेल्यावर थोड्या वेळाने तो रुंद पानाच्या देठाशी जाऊन टेकतो. रंग उतरतो, लालाचा विटकरी होतो, कल्ले सावकाश हलतात. हे मी बाहेरच्या पॅसेजमधून येणाऱ्या उजेडात पाहिलं आहे. टॉर्च मारून बघण्यात अर्थ नाही, तो दचकून उसळतो. आठनंतर पाहुणे आले आणि "लाव ना गं जरा, बघू दे" म्हणाले, तर उद्या या म्हणते. जाऊबाईंना हे भारी लागतं. "माशाची कसली शेजारती!" एरवी त्याच घरच्या देव्हाऱ्यावर रात्री पडदा ओढतात.

सगळ्यात अवघड प्रश्न शेजारच्या जसुबेनचा. त्या जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि उजेड-अंधाराचा नेम त्यांना मला शिकवावा लागत नाही. त्या म्हणाल्या, "आठ वाजता दिवो बंद करते ते सारूं. पण दहा तास तर तू बघतेच ने? बंदी तो बंदीच." मी सांगितलं, याला सोडायला जागा नाही. शेकडो वर्षं माणसाने झुंजीसाठी आणि मग दिसण्यासाठी याला निवडून निवडून वाढवलाय. रानातला फायटर मळकट, तपकिरी-हिरवट असतो; हा लाल रंग, हा जड पिसारा आपल्या डोळ्यांनी घडवलेला. तळ्यात सोडला तर दुसऱ्या दिवशी खंड्याच्या चोचीत. आणि परक्या पाण्यात परका मासा सोडणं ही अहिंसा नव्हेच. जसुबेननी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे सगळं आता घरात असलेल्या माशाबद्दल झालं, पुढच्याबद्दल बोल.

पुढच्याबद्दल माझ्यापाशी उत्तर नाही. फायटर दोन-तीन वर्षं जगतो, आणि हा गेल्यावर दुसरा आणणार नाही, असं त्या माझ्याकडून वदवून घेऊ बघतात. मी अजून शब्द दिलेला नाही. जाऊबाईंच्या धाकटीला वाढदिवसाला मासा हवाय, तिला मात्र बजावून ठेवलंय: टायमर आधी आणायचा, मासा नंतर.