आराखड्यालाही पाठचिकित्सा हवी

छत्तीसगडातील सिरपूरच्या लक्ष्मण मंदिराचा शिलालेख आज रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. हर्षगुप्ताची विधवा राणी वासटा हिने आपला मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन याच्या कारकिर्दीत हे विटांचे विष्णुमंदिर बांधवले, हे त्या लेखावरूनच कळते. रायबहादूर हिरालाल यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'त संपादित केला. कोरीव लेखांच्या संपादनाची एक शिस्त आहे. झिजलेले किंवा तर्काने भरलेले अक्षर कंसात टाकायचे, म्हणजे दगडावर काय आहे आणि संपादकाने काय भरले हे वाचकाला वेगळे दिसते. मंदिरांचे आराखडे संदर्भग्रंथांत छापताना मात्र आपण ही शिस्त क्वचितच पाळतो.

सिरपूरचेच पाहा. गर्भगृह आणि त्यावरचे शिखर उभे आहे. मंडपाचे छत कधीच गेले, खांबांचे बुंधे तेवढे उरले. म्हणजे आराखड्याचा एक भाग मोजलेला आणि दुसरा काही अंशी अनुमानाचा. दोन्ही एकाच जाड काळ्या रेषेने काढले, तर अनुमानालाही मोजमापाची प्रतिष्ठा मिळते. शिवाय आराखड्यासाठी आडवा छेद कुठल्या उंचीवर घेतला हेही सांगायला हवे. अधिष्ठानाचे, म्हणजे पायथ्याच्या चौथऱ्याचे, थर भिंतीच्या बाहेर आलेले असतात. तिथली रुंदी आणि वर जंघेवरची, म्हणजे उभ्या भिंतीवरची, रुंदी एक नसते.

प्रमाणाचा घोळ याहून साधा आणि म्हणूनच जास्त घातक आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1881-82 मध्ये मध्य प्रांतात हिंडून सिरपूर-राजिमची नोंद केली, ती फूट-इंचांत. 'एक इंचास दहा फूट' असे शब्दप्रमाण लिहिलेला आराखडा नव्या पुस्तकात निम्म्या आकारात छापला, की तोच इंच वीस फुटांचा होतो आणि खालचे वाक्य खोटे पडते. रेषाप्रमाण चित्राबरोबरच लहान होते, म्हणून ते टिकते. शाळेच्या भूगोलात शिकवलेली ही गोष्ट कोशाच्या पानावर विसरली जाते.

तिसरा प्रश्न आधाराचा. चित्रावरून चित्र उतरवले जाते आणि खाली फक्त शेवटच्या पुस्तकाचे नाव येते. मग तीन ग्रंथांत एकच आराखडा दिसला, की तीन साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1966 साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने आपल्याला नेमके उलट शिकवले: एकाच पोथीवरून उतरलेल्या प्रती कितीही असल्या, तरी पुरावा एकच. आराखड्यांचीही अशीच वंशावळ असते. मूळ मोजणी कोणाची, कधीची, हे शोधल्याशिवाय त्यांचे वजन ठरत नाही.

कोणी म्हणेल, सामान्य वाचकाला ढोबळ कल्पना पुरते. पुरत असेल, तर ढोबळ चित्रच द्यावे आणि त्याखाली तसे लिहावे. पण संदर्भग्रंथ फक्त सामान्य वाचक उघडत नाहीत. कला-इतिहासकार मायकेल माइस्टर यांनी आरंभीच्या नागर मंदिरांचे तलविन्यास आणि वास्तुमंडलाची (वास्तुशास्त्रातल्या चौकटींच्या आकृतीची) जाळी यांचा संबंध दाखवला, तो मोजलेल्या आराखड्यांच्या बळावर. तिथे हातभराची चूक सिद्धान्तच हलवते. उत्खननात तर जबाबदारी आणखी वाढते. पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षितांनी 1953 ते 1956 या काळात सिरपुरात खोदकाम करून आनंदप्रभ कुटीविहार हा बौद्ध विहार उजेडात आणला. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. कुठली भिंत आधीची आणि कुठली नंतरची, हे आराखड्यात आले नाही तर ते फिरून तपासणे फार अवघड होते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक आराखड्याखाली मोजणाऱ्याचे नाव, मोजणीचे वर्ष, छेदाची उंची आणि उत्तर दिशा असावी. प्रमाण रेषेने दाखवावे. अनुमानाचा भाग तुटक रेषेत यावा. एवढे लिहायला दोन ओळी पुरतात. त्या ओळी नसतील, तर ते चित्र पानाची शोभा म्हणून खुशाल राहू द्यावे. पुरावा म्हणून त्याचा आधार कोणी घेऊ नये.