आंधळ्या जागेचं माप

डोळ्याच्या पडद्यावर एक जागा ठार आंधळी असते. दृष्टीचे मज्जातंतू जिथून मेंदूकडे निघतात ती ऑप्टिक डिस्क: जेमतेम दीड मिलिमीटरची, फिकट पिवळी. पडद्याचा फोटो वाचायला शिकवलेला संगणक बहुधा आधी हीच जागा हुडकतो. तिथून कानशिलाच्या बाजूला, डिस्कच्या साधारण अडीच व्यासांवर, किंचित खाली फोव्हिया. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणूस ओळखणं, सगळं त्या इवल्याशा खळग्याच्या जिवावर.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या सागवनात वणवा दिसला की वनरक्षक नुसतं ‘जंगलात आग’ म्हणत नाही, कक्ष क्रमांक सांगतो. पडद्यावरच्या डागाचंही तसंच. मधुमेहात रक्तवाहिन्यांतून झिरपून साचलेला पिवळा ठिपका फोव्हियापासून एका डिस्क-व्यासाच्या आत असला तर धोका मोठा. बाहेर असला तर कमी. नजर टिकेल का, हे मोजायची पट्टी आंधळ्या जागेची! शिवाय डिस्क पिवळी आणि ठिपकाही पिवळा. डिस्क आधी ओळखून वगळली नाही, तर यंत्र धडधाकट डोळ्यालाही आजारी ठरवील.

हे शिकवायला लागणारे फोटो नांदेडने पुरवले. तिथल्या एका नेत्रचिकित्सालयात काढलेले ५१६ फोटो प्रसन्न पोरवाल, मनेश कोकरे आणि सहकाऱ्यांनी श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतून २०१८ मध्ये जगभरच्या संशोधकांना खुले केले. प्रत्येक फोटोत डिस्कचा आणि फोव्हियाचा मध्य नेमून दिलेला. यंत्राच्या हुशारीचं कौतुक करताना आपण ही खुणा करण्याची मजुरी विसरतो. यंत्राला पडद्यावरच्या रक्तवाहिन्या ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा ‘ड्राइव्ह’ संग्रह नेदरलँड्सचा, अवघ्या ४० फोटोंचा. सावळ्या माणसाचा पडदाही गडद असतो. तो यंत्राला दाखवायला नांदेडच हवं होतं.

पण नांदेडच्या फोटोंची चौकट ५० अंशांची, फोव्हियाच्या आसपास केंद्र धरलेली. मधुमेहाच्या तपासणीला ती बरीचशी पुरते. गडचिरोलीच्या आदिवासी भागात मात्र सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. त्यात कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी अडकतात त्या प्रामुख्याने पडद्याच्या पार कडेच्या बारीक वाहिन्यांत. रक्त पोचेनासं झालं की तिथे नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव होईपर्यंत माणसाला बऱ्याचदा स्वच्छ दिसत असतं. मध्यावरच्या चौकटीत वाढलेल्या यंत्राने असा डोळा निर्दोष ठरवला, तर त्याच्या हिशेबात चूक काहीच नसेल. त्याला कड दाखवलेलीच नव्हती.

म्हणून अशा यंत्राच्या अहवालात ‘पडदा ठीक’ असं नको, ‘मध्यभाग ठीक’ एवढंच असावं, असं मला वाटतं. कडेसाठी मोठ्या आवाक्याचा कॅमेरा हवा, नाहीतर थेंब घालून, बाहुली मोठी करून तपासणारा पडद्याचा डॉक्टर. पण आलापल्लीहून जिल्ह्याचं गावच शंभरावर किलोमीटर आहे, आणि भामरागडच्या माडिया आदिवासीला आलापल्ली गाठायलाच अर्धा दिवस मोडावा लागतो.