एकोणीस नंबरचे ताट

आमच्या घरी दर दिवाळीला माळ्यावरून पत्र्याची एक जुनी पेटी खाली निघते. फराळाचे डबे ठेवायला ती सोयीची. मुंग्या लागत नाहीत आणि कडी घट्ट असल्यामुळे मुलांचे हातही सहजासहजी पोचत नाहीत. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने '२०' हा आकडा काढलेला आहे. मुले विचारतात, "बाबा, हे वीस कसले?" मी सांगतो, "तो मीच!"

पाचवी ते दहावी अशी सहा वर्षे मी एका वसतिगृहात काढली. तेथे नावाचा उपयोग फक्त शाळेच्या हजेरीपुरता. एरवी पेटीचा नंबर तोच ताटाचा आणि ताटाचा तोच मुलाचा. सकाळी पाणी शेंदणे, दुपारी लाकडे फोडणे, रात्री भाकरी वाढणे, या साऱ्या पाळ्या नंबरावर लागत. माझ्या डावीकडे जेवायला एकोणीस नंबर बसे. ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी हे जेवण सहा वर्षांत फारसे बदलले नाही; पण त्या जेवणाने केलेली सोयरीक काही निराळीच असते.

१९९८ च्या मार्चमध्ये आम्ही दहावीच्या परीक्षेला बसलो आणि पांगलो. यंदाच्या उन्हाळ्यात काही जणांनी मनावर घेतले आणि साऱ्यांना एकत्र आणण्याचे ठरले. नावे जमू लागली. कोणी फौजदार झाला आहे, कोणी एस.टी.त वाहक आहे, कोणाची द्राक्षे मुंबईला जातात, कोणी इस्पितळात रुग्णांची शुश्रूषा करतो. दोघे आता या जगात नाहीत. मला एक गंमत आढळली. पहिल्या फोनला माणूस आपला पगार सांगतो आणि दुसऱ्या फोनला मधुमेह. तिसऱ्या फोनला तो कर्ज, मुलीचे लग्न आणि आयुष्याच्या अखेरीस वडिलांशी न बोललेले चार शब्द, यांवर येतो. म्हणजे आपल्याला जुने मित्र हवे असतात ते कशासाठी? ज्याने आपल्याला फाटक्या चड्डीत पाहिले, त्याच्यापुढे आब राखण्याचे कारण उरत नाही, एवढ्यासाठीच ना?

सहाध्यायांच्या या नात्यावर आपल्याकडे पूर्वीच विचार झालेला आहे. द्रोण आणि द्रुपद हे भरद्वाजांच्या आश्रमातले सोबती. पुढे द्रुपद राजा झाला आणि दारिद्र्याने गांजलेला द्रोण त्याच्या दारी गेला, तेव्हा मैत्री बरोबरीच्यांतच होते असे ऐकवून त्याने त्याला परत पाठवले. त्या एका वाक्याची किंमत पांचालांचे अर्धे राज्य, आणि पुढे द्रोणाचा शिरच्छेद. उलट सांदीपनींच्या आश्रमातला सुदामा द्वारकेला गेला, तेव्हा कृष्णाने त्याचे पोहे मागून घेतले आणि लाकडे आणायला गेले असता पावसात सापडलेल्या त्या रात्रीची आठवण काढली. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागात हाच प्रश्न घेतला. बाळपणीच्या दोन मित्रांपैकी एक मनाने लहानच राहिला आणि दुसरा फार पुढे गेला, तर पुढच्याने काय करावे? पूर्वीची मैत्री जशीच्या तशी राहणार नाही, पण झालेल्या सहवासाची काही आठवण ठेवावीच, असा त्याचा कौल आहे.

परंतु या तिन्ही ठिकाणी प्रश्न उंच-सखलाचा आहे. माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो एकाच पंगतीतला होता.

आमच्या यादीत एका नावापुढे 'पत्ता नाही' असा शेरा होता. ते नाव एकोणिसाचे. बैठकीत कोणीतरी म्हणाले, "बरंच झालं! तो आला तर पाकिटं सांभाळत बसावं लागेल." सारे खदखदून हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र ते हसू घशात काट्यासारखे रुतून बसले.

गोष्ट नववीतली, १९९७ च्या माघातली. एका मुलाच्या पेटीतून फीचे पन्नास रुपये नाहीसे झाले. त्याच आठवड्यात एकोणिसाजवळ नवे पेन दिसले. तो आमच्यात सर्वांत गरीब. त्याला भेटायला कोणी येत नसे आणि मनीऑर्डरही येत नसे. मग पेन आले कोठून? रात्री प्रार्थनेनंतर साऱ्या मुलांसमोर त्याला उभे करून हे विचारले गेले. तो बोलला नाही. मी जाणत होतो. आदल्या रविवारी आम्ही दोघे कुंपणावरून उडी मारून गुऱ्हाळावर ऊस वाहायला गेलो होतो आणि प्रत्येकी दहा रुपये मिळवून परतलो होतो. त्याने पेन घेतले, मी भेळ खाल्ली. हे सांगितले असते तर तो सुटला असता. पण कुंपण ओलांडल्याबद्दल माझे नाव कटले असते. म्हणून मी गप्प राहिलो. त्याच कारणाने तोही गप्प राहिला. फरक इतकाच की मी मला वाचवीत होतो आणि तोही मलाच वाचवीत होता. तिसऱ्या दिवशी त्याची पेटी एस.टी.च्या टपावर चढली. पैसे कोणी घेतले ते आजतागायत कळलेले नाही.

आता माझा व्यवसाय शिक्षकाचा. मूल्यशिक्षणाच्या तासाला सत्याचा धडा मी खणखणीत आवाजात शिकवतो. मनाने मला सोडवण्यासाठी तीन वकील उभे केले. पहिला म्हणाला, तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. पोराच्या चुकीचा जाब प्रौढाला कसला? हे खरे वाटले असते; पण बैठकीत हसलो तो चौदा वर्षांचा पोरगा नव्हता. दुसरा म्हणाला, जखम बुजली असेल, खपली कशाला काढतोस? परंतु दुसऱ्याची जखम बुजली हे आपण कोण ठरवणार? तिसरा सर्वांत हुशार. तो म्हणाला, क्षमा मागून तू आपलेच ओझे त्याच्या डोक्यावर ठेवणार. याला मात्र मजजवळ उत्तर नव्हते. ते घेऊनच मी त्याला शोधायला निघालो.

तो सापडला एका तालुक्याच्या गावी. पंपाच्या मोटारी भरून देण्याचे त्याचे दुकान आहे. त्याने चहा मागवला. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता माझे सारे ऐकून घेतले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आई जाईपर्यंत विचारत होती. घेतले असशील तर सांग बाबा, मी रागावणार नाही. तिला माझं कधी खरं वाटलंच नाही." नंतर हातातली तार खाली ठेवून तो म्हणाला, "मला चोर म्हटलं ते सगळ्यांपुढे. आणि तू सांगायला आलास तो दुकानात, एकट्याला."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब होता, आणि तो चोख होता. तिसऱ्या वकिलाचे उत्तर मला तेथे मिळाले. एकांतात मागितलेली क्षमा मागणाऱ्याला हलके करते. ज्याचे नाव गेले त्याला ती काहीच परत देत नाही. नाव चारचौघांत गेले असेल तर ते चारचौघांतच परत द्यावे लागते, आणि त्याची किंमत देणाऱ्याने आपल्या नावातून भरायची असते. मग त्याने क्षमा करावी की न करावी, हा भाग निराळा. ऋण फेडणाऱ्याने पावतीचा आग्रह धरू नये.

येथे मला कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण होते. कोल्हापूरला शिकत असताना, अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर स्नान करायचे नाकारले म्हणून त्यांना स्वतःच्या वसतिगृहातून निघावे लागले होते. त्याच माणसाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीला बसवले. ती पंगत चालावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. एकाच पंगतीत जेवण्याला या महाराष्ट्रात एवढी किंमत मोजलेली आहे. आणि आम्ही, पुढच्या पिढ्यांतली पोरे, शेजारच्या ताटावरचा मुलगा उठवला जात असताना खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो!

आमचा मेळावा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. कार्यक्रम छापून आला आहे: नऊला नाश्ता, दहाला गुरुजनांचा सत्कार, मग गाणी, एक वाजता भोजन. भोजनाअगोदरची पाच मिनिटे मी मागून घेतली आहेत. चालक मित्राने विचारले, "काय, तुझ्या नव्या कादंबरीतलं काही वाचणार की काय?" मी म्हटले, "नाही. जुनंच आहे."

त्या दिवशी पाट जुन्या क्रमाने मांडायचे ठरले आहे. एकोणीस नंबरचे ताट माझ्या डावीकडे मांडायला मी सांगून ठेवले आहे. तो येणार की नाही हे त्याने सांगितलेले नाही. मीही विचारलेले नाही.