परतीची वाट आणि वाटेचे मोल

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस जे शहर पसरले आहे त्याचे नाव लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून येथे मुक्काम केला, फौजेचे तंबू पडले, आणि कालांतराने त्या तंबूंची घरे झाली. नावे मात्र तंबूंचीच राहिली. लष्कर, कंपू, शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ. यांतला 'गोठ' म्हणजे आपला मराठी 'गोट'च असावा. ही नावे ऐकणाऱ्या परक्यास वाटेल की ही मंडळी उद्या पहाटे कनाती गुंडाळून नर्मदेपलीकडे कूच करणार आहेत. दोनशे वर्षे उलटली. ती पहाट काही उजाडली नाही.

अशा गावी राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांस महाराष्ट्रातून आलेला पाहुणा हातातली कपबशी खाली ठेवण्यापूर्वीच विचारतो, "तुमचे मूळ गाव कोणते?" आम्हीही विनाविलंब एका गावाचे नाव सांगतो. आमच्या आजोबांनी ते गाव पाहिले नव्हते. त्यांच्या आजोबांनी तरी पाहिले होते की नाही, कोण जाणे. उत्तर खोटे नसते, पण ते पुरते खरेही नसते. जेथे आपण कधी नव्हतोच तेथे 'परत' जाण्याची भाषा माणसाने करावी काय? आणि त्या परतीसाठी त्याने काय पणास लावावे? हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. त्याचा नीट विचार करण्यास आम्हांस भाग पाडले ते एका परदेशी दूरचित्रवाणी-मालिकेने.

'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' ही मालिका अमेरिकेत १९९५ च्या जानेवारीपासून २००१ च्या मेपर्यंत सात हंगाम चालली. तिची कथा थोडक्यात अशी. चोविसाव्या शतकात व्हॉयेजर नावाचे एक तारायान एका अज्ञात शक्तीच्या ओढीने आकाशगंगेच्या दूरच्या टोकास फेकले जाते. पृथ्वी तेथून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर. यानाच्या उत्तम वेगानेही परतीस पंचाहत्तर वर्षे लागावयाची. यानावर दीडशेच्या आसपास माणसे, आणि त्यांची प्रमुख कप्तान कॅथरिन जेनवे. अंतराळातल्या लढाया म्हणजे पोरासोरांची करमणूक, असे मानणाऱ्या वाचकांस आम्ही दोष देत नाही. आम्हीही तसेच मानीत होतो. परंतु वनवास आणि परतणे ही आपल्या महाकाव्यांची जुनी कथावस्तू आहे. ती रथात बसून आली काय किंवा तारायानात बसून आली काय, तिच्यातला माणूस ओळखीचाच असतो.

पहिल्याच भागात जेनवेपुढे पेच उभा राहतो. ज्या यंत्राने यानास येथवर ओढून आणले तेच यंत्र त्यास परत पाठवू शकेल. पण ते यंत्र सांभाळणारा मरणपंथास लागला आहे, आणि त्याच्यामागे ते एका आक्रमक टोळीच्या हाती पडले, तर ओकांपा नावाच्या दुबळ्या जमातीचा नाश ठरलेला आहे. या ओकांपांचे आयुर्मान अवघे नऊ वर्षांचे. आपले त्यांचे नाते नाही, गोते नाही. त्यांच्यासाठी दीडशे माणसांना आपली आईबापे, बायकामुले यांपासून जन्मभर तोडावे काय? जेनवे ते यंत्र नष्ट करते. सर्वांच्या वतीने हा निर्णय घेणारी ही कोण, असे यानावरचेच एक माणूस संतापाने विचारते. तो संताप आम्हांस रास्त वाटतो. दुसऱ्याचा त्याग परस्पर करून टाकणे हे पुण्य नव्हे. तरीही जेनवेच्या जागी आम्ही असतो तर दुसरे काय करणे योग्य ठरले असते, याचे उत्तर आम्हांस सापडत नाही. घराची किंमत तिऱ्हाइताच्या जिवाने चुकवावयाची, तर त्या घराचा उंबरठा कोणत्या पायांनी ओलांडावा?

मालिकेचे कर्ते येथेच थांबत नाहीत. १९९९ मध्ये दाखविलेल्या 'इक्विनॉक्स' या दोन भागांच्या कथेत व्हॉयेजरला आपल्याच पृथ्वीचे दुसरे एक यान भेटते. तेही तसेच फेकले गेलेले, त्याहून लहान, त्याहून जर्जर. त्याचा कप्तान रॅन्सम हा काही राक्षस नाही. भुकेने आणि मृत्यूंनी पिचलेला एक भला माणूस आहे. त्याला असा शोध लागला आहे की एका विशिष्ट जातीचे जीव मारून त्यांच्या देहांचे इंधन केले, तर यानाचा वेग वाढतो आणि घर जवळ येते. तो त्यांना मारू लागतो. दोन्ही यानांवर एकच ध्वज, एकच शपथ, एकच ओढ. भेद इतकाच की एकाने घर सोडून दुसऱ्याचा जीव राखला आणि एकाने दुसऱ्याचा जीव घेऊन घर गाठू पाहिले. पुढे रॅन्समचा पाठलाग करताना जेनवे स्वतःही क्रूर होते आणि एका कैद्यास मरणाच्या दारात उभे करते. रॅन्समला मात्र शेवटी उपरती होते. म्हणजे ही रेषा दोन माणसांच्या मधून जात नाही. ती एकाच माणसाच्या आतून जाते.

ही कथा पाहताना आम्हांस आमच्या लष्कराची आठवण झाली, आणि ती आठवण सुखाची नव्हती. व्हॉयेजर अपघाताने फेकले गेले होते. आमचे पूर्वज अपघाताने येथे आले नाहीत. ते भाले-बरच्या आणि तोफा घेऊन आले. महादजी शिंद्यांच्या काळात त्यांच्या फौजेचा दरारा दिल्लीपर्यंत होता. त्यांचे बक्षी जिवबादादा केरकर तर मूळचे गोमंतकातले. केरीचे नाव आडनावात बांधून हा सारस्वत सेनानी हिंदुस्थानभर लढत हिंडला. या पराक्रमाचा अभिमान आम्हांस आहे. परंतु फौज चालते ती अन्नावर आणि पैशावर, आणि राजपुतान्याच्या गावांतून जी खंडणी उगवली ती देणाऱ्यांच्याही घरी चुली होत्या. 'घरापासून दूर पडलेले आम्ही बिचारे' असे स्वतःचे चित्र काढताना हा हिशेब पुसून टाकणे सोपे असते. घराची ओढ ही कोमल भावना आहे, म्हणून ती निष्पाप आहे असे समजू नये. रॅन्समच्या मनात तीच भावना होती.

आता दुसरा प्रश्न. ज्यांनी घर पाहिलेलेच नाही त्यांचे काय? व्हॉयेजरवर नेओमी वाइल्डमन नावाची एक मुलगी जन्मास येते. तिला पृथ्वी ठाऊक आहे ती इतरांच्या बोलण्यातून. १९९९ मधल्याच 'ब्लिस' या भागात एक प्रचंड प्राणी यानांना गिळण्यासाठी भुलीचे जाळे पसरतो. ज्याला जे हवे ते तो दाखवितो. यानावरच्या माणसांना घरी नेणारा मार्ग दिसतो, आप्तांची पत्रे येतात, आणि सगळे हर्षभरित होऊन त्याच्या जबड्याकडे निघतात. ज्यांना भूल पडत नाही अशा थोड्यांत ही चिमुरडी असते, कारण पृथ्वीवर परतण्याची तहानच तिला नाही. तिचे घर ते यानच. वडीलधारी माणसे जिला 'बिचारी, घराला मुकलेली' समजतात, त्या मुलीचेच डोळे संकटकाळी उघडे असतात.

आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी हा भाग पाहावयास हवा होता असे आम्हांस वाटते. मुले घरी हिंदीत बोलू लागली की आमच्या घरांतून एक सुतक पडते. पण मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण घ्या. घराणे मूळचे जळगावकडचे. ग्वाल्हेर संस्थानात स्थायिक झालेले. थोरले गजानन माधव १९१७ मध्ये संस्थानातल्या श्योपूर येथे जन्मले आणि हिंदीचे थोर कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले. एकाच आईच्या मांडीवर मराठी ऐकून दोघांनी दोन भाषांचे ऋण फेडले. यांतला घरी कोण परतला आणि बाहेर कोण राहिला, हे ठरविण्याचा अधिकार आम्ही तरी कोणास देणार नाही. पूर्वजांनी केलेला परतीचा संकल्प मुलांच्या जन्माआधीच त्यांच्या नावावर कर्जासारखा चढविणे न्यायाचे नाही.

मग ज्यांना जावयाचे त्यांनी जावे, राहावयाचे त्यांनी राहावे, एवढ्यावर प्रश्न मिटतो काय? मालिकेच्या दुसऱ्या हंगामाच्या आरंभी या विषयावर एक सुंदर प्रसंग आहे. १९३७ मध्ये पृथ्वीवरून पळवून नेलेल्या माणसांच्या वंशजांनी एका दूरच्या ग्रहावर नगरे वसविलेली आहेत. ते व्हॉयेजरच्या माणसांना म्हणतात, येथेच राहा. जेनवे कोणास अडवीत नाही. राहू इच्छिणाऱ्यांनी ठरल्या वेळी यानाच्या कोठारात जमावे, असे सांगते. धडधडत्या काळजाने ती दार उघडते, तो कोठार रिकामे! एकही माणूस मागे राहिलेला नाही. उलट १९३७ साली पळवून आणलेली आणि इतका काळ गोठवून ठेवलेली काही माणसे तेथे जागी झालेली असतात. वैमानिक अमेलिया इअरहार्ट त्यांत आहे. त्यांना पृथ्वीवर नेण्याची तयारी असूनही ती त्या ग्रहावरच राहतात. दोन्ही निर्णय आम्हांस सारखेच पवित्र वाटतात, कारण ज्याचा त्याने तो केला आणि त्याचे मोल ज्याचे त्याने दिले.

गोमंतकीय वाचकांस हे निराळे सांगावयास नको. १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या भयाने मंगेशाचे लिंग भक्तांनी कुशस्थळीहून जुवारीपलीकडे प्रियोळास नेले. तो आपत्काळचा मुक्काम होता. पुढे सत्ता आल्या आणि गेल्या, १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, परतीची वाट मोकळी झाली. परंतु मंगेश प्रियोळातच आहे. चारशे वर्षांच्या मुक्कामात त्या स्थानाचेच नाव मंगेशी झाले. देव आपले मूळ गाव विसरला, असे कोणी म्हणत नाही. त्याने नव्या गावास आपले नाव दिले आणि जुन्याची आठवण ठेवली.

ग्वाल्हेरची मराठी माणसे कोठे परतली असतील तर ती सुरांच्या वाटेने. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांची ख्यालगायकी शिंद्यांच्या दरबारी बहरली. ती आमची नव्हती. आम्ही तिचे शिष्य झालो. वासुदेवबुवा जोशी ती शिकले. त्यांच्यापाशी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरीत राहून ती विद्या मिळविली आणि महाराष्ट्रात नेली. मिरजेस त्यांचे शिष्य झालेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. इकडे कृष्णराव शंकर पंडित ग्वाल्हेरीतच राहिले, १९१४ मध्ये त्यांनी येथे संगीत विद्यालय उघडले आणि १९८९ पर्यंतचे दीर्घ आयुष्य त्या गायकीत वेचले. एक शाखा दक्षिणेस गेली, एक येथे राहिली, गायकी एकच. दक्षिणेतून आलेल्या माणसांनी दक्षिणेस जे परत पाठविले ते त्यांनी बरोबर आणलेले नव्हतेच. ते त्यांना वाटेत मिळाले, आणि ते खंडणी म्हणून मिळाले नाही; गुरूपुढे बसून मिळाले.

शेवटच्या भागात व्हॉयेजर घरी पोहोचते, पण कसे ते पाहण्याजोगे आहे. एका काळरेषेत ते तेवीस वर्षांनी परतलेले असते. वृद्ध झालेली जेनवे मानाने पृथ्वीवर राहत असते, आणि तिला झोप नसते. वाटेत गमावलेली माणसे तिच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. ती काळ उलटवून मागे जाते आणि स्वतःच्या प्राणाचे मोल देऊन सर्वांना लवकर घरी पाठविते. घरी पोहोचलेल्या माणसालाही घर पुरले नाही, याचा अर्थ आम्ही असा घेतो की माणसाची ओढ मातीपेक्षा माणसांशी जखडलेली असते, आणि ती माणसे बहुधा वाटेतच भेटलेली असतात.

मालिकेच्या अखेरच्या दृश्यात यान पृथ्वीच्या दिशेने जाताना दिसते. ते उतरल्याचे, कोणी कोणास कवटाळल्याचे कर्त्यांनी दाखविलेले नाही. पुष्कळ प्रेक्षकांस हे अपुरे वाटले. आम्हांस ते पुरेसे वाटले.

यापुढे पाहुण्याने मूळ गाव विचारले तर आम्ही पूर्वीसारखेच त्या न पाहिलेल्या गावाचे नाव सांगू. ते पुसण्याचे कारण नाही. मात्र त्याच्यापाठोपाठ एक प्रश्न आम्ही स्वतःस मनातल्या मनात विचारू : तेथून येथवर येताना आपण कोणाचे काय घेतले, आणि त्यातले किती परत केले? जोवर त्या प्रश्नाचे उत्तर पुरे झालेले नाही तोवर आमचे लष्कर हे मुक्कामाचेच ठिकाण आहे, आणि त्याचे नाव बदलण्याची घाई कोणी करू नये.