वर्णाचा रकाना

मराठी वधूवर सूचीत शिक्षण, उंची, गोत्र यांच्या ओळीत ‘वर्ण’ नावाचा एक रकाना असतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी एक शब्द तिथे भरायचा. १७४१ नंतर नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली आणि तिच्या मागोमाग मराठी कुटुंबे रायपूर, रतनपूरकडे सरकली. त्यांतल्या कित्येक घरांत आज निम्मे बोलणे हिंदीत चालते. हा रकाना मात्र टिकला आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून टाकला. आपल्याला तेवढेही सुचलेले नाही.

म्हणून लग्न ठरल्यावर, किंवा ठरावे म्हणून, एखादी आई मुलीला त्वचेच्या दवाखान्यात नेते आणि ‘केमिकल पील’ची चौकशी करते, तेव्हा प्रश्न केवळ औषधाचा राहत नाही. स्वतःच्या चेहऱ्यावर हा उपचार करून घेण्यात काही गैर आहे का?

आधी तो आहे काय, हे पाहू. त्वचेचा वरचा थर आम्लाने मोजूनमापून सोलायचा, म्हणजे पील. कल्पना नवी नाही. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी १८८२ मध्येच सॅलिसिलिक आम्ल, फेनॉल यांचे हे गुण नोंदवले होते. आज हलक्या पीलसाठी उसात सापडणारे ग्लायकोलिक आणि दह्यातले लॅक्टिक आम्लही वापरतात. हलक्या पीलने मुरुमांचे डाग आणि वांग फिके होतात, तेही दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या अनेक बैठकांनंतर. खोल खड्डे तिने भरत नाहीत. आणि वर्ण तर बदलतच नाही. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी असतात. वरचे सोलले तरी त्यांचे काम चालूच राहते. त्यांना दुखावले तर त्या अधिकच रंग ओततात. सावळ्या त्वचेवर आम्ल जास्त खोल गेले तर जुन्या डागाच्या जागी त्याहून गडद डाग येतो, तो असा.

म्हणजे आम्लाला डाग आणि वर्ण यांतला फरक कळतो. गोंधळ आपला आहे. डाग हे त्वचेवर घडून गेलेले काहीतरी असते. वर्ण आईबापांकडून आलेला असतो. वांगामुळे चारचौघांत मान खाली घालणाऱ्या बाईला ‘आहे तसे स्वीकार’ असे सांगणे सोपे आहे, कारण सांगणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. तिने डाग घालवावा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण रकान्यातला शब्द बदलावा म्हणून कोणी तिला त्या खुर्चीवर बसवत असेल, तर उपचार जे देऊच शकत नाही ते तिच्या नावाने मागितले जात आहे. संमतीच्या कागदावर सही तिची असते, मागणी दुसऱ्याची.

रायपुरात हे सर्वांत स्पष्ट दिसते ते तारखेत. अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा इथला लग्नाचा मोठा मुहूर्त. त्या दिवशी मुले पुतरा-पुतरीचेही लग्न लावतात. तो येतो एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा. नुकत्याच सोललेल्या त्वचेला ऊन हा सर्वांत मोठा धोका. त्वचेला हवे असतात महिने, मांडवाला हवा असतो ठरलेला दिवस. अशा वेळी ‘आत्ता नको’ म्हणणारा डॉक्टर गिऱ्हाईक गमावतो, पण धर्म पाळतो.

या उपचाराचा अर्धा भाग सावली आहे, आणि सावली सगळ्यांना परवडत नाही. दिवसभर बाजारात भाजी घेऊन बसणारी, बांधकामावर घमेली उचलणारी बाई पैसे जमवील, पण पुढचे कित्येक दिवस उन्हापासून लांब कशी राहील? तिच्या वाट्याला औषधांच्या दुकानातली, चिठ्ठीविना मिळणारी स्टिरॉइडची ट्यूब येते. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते.

तेव्हा जाणाऱ्यांनी जरूर जावे, पण काही विचारून आणि काही सांगून. कोणते आम्ल, किती टक्के, आणि लावणार कोण: त्वचारोगतज्ज्ञ की पार्लरमधले कोणी? अशी ट्यूब लावत असल्यास, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असल्यास, ओठांवर वरचेवर जर उठत असल्यास, दिवस गेलेले असल्यास ते लपवू नये. सुटणारी पापुद्री नखाने ओढू नये. आणि एक प्रश्न डॉक्टरने मुलीला, आईला बाहेर बसवून, विचारावा: हे तुला हवे आहे का, आणि नेमके काय जायला हवे आहे?

तिने बोट एखाद्या डागावर ठेवले, तर काम डॉक्टरचे. तिने सगळ्याच चेहऱ्यावरून हात फिरवला, तर काम आपले. सूचीचे पुढचे पान छापण्याआधी एक रकाना कमी करावा लागेल.