नामधारकाचा प्रश्न

गाणगापूरच्या संगमावर गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलेल्यांशेजारी मनानेच जाऊन बसू या. समोर भीमा-अमरजेचं पाणी. ओवी मोठ्याने वाचायची, म्हणजे वेग आपोआप उतरतो.

आधी एवढंच पाहा, बोलतंय कोण? सिद्ध सांगतो, नामधारक विचारतो. सांगता सांगता सिद्ध गुरुचरित्राचीच पोथी पुढे धरतो. पोथीत पोथी! मग कडगंचीच्या सायंदेवाची कथा येते, आणि हा तुझाच पूर्वज, असं सिद्ध नामधारकाला सांगतो. नामधारकाच्या आडून गुरुचरित्र लिहिणारा सरस्वती गंगाधरच ऐकतो आहे, त्याच सायंदेवाच्या वंशातला. इथे जरा थांबा. लिहिणारा श्रोता होऊन स्वतःच्या घराण्याची गोष्ट ऐकतो आहे. आणि पहिल्याच अध्यायात तो सांगून मोकळा झालेला असतो की आपल्याला मराठी येत नाही.

१९३८ मध्ये हासनच्या राजा राव यांनी ‘कांठापुरा’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत आपली नसलेल्या भाषेत लिहिण्याची हीच अडचण मांडली, इंग्रजीपुरती. तिथे गावची एक म्हातारी स्थलपुराणाच्या चालीवर कथा सांगते. १९८१ च्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ या कादंबरीत नायक सलीम आपली गोष्ट लिहितो आणि पद्मा ऐकते. गांधीहत्येची तारीख आपण चुकवली हे सलीमला कळतं, तरी तो ती तशीच ठेवतो. पद्मा चिडते, रुसून निघून जाते, आणि ती नसताना सलीमचा तोल जातो. इंग्रजी समीक्षेला यात मोठी नवलाई वाटली. संगमावरच्या वाचकाला वाटली नसती.

नामधारक मात्र कधी रुसत नाही. मला तो जरा जास्तच गुणी वाटायचा. पण नववा अध्याय आठवा: परिटाला पुढच्या जन्मी राज्याचा वर मिळतो, आणि कथा दुसरीकडे वळते. आपण विसरतो. नामधारक विसरत नाही. पन्नासाव्या अध्यायात तो त्या परिटाचं पुढे काय झालं ते विचारतो, तेव्हा कुठे बिदरचा बादशहा होऊन जन्मलेला तो परीट फोडाने हैराण होऊन गाणगापुरी येतो. प्रश्न आला नसता, तर बादशहा बिदरलाच राहिला असता.

शेवटच्या अवतरणिकेत कोणत्या अध्यायात काय आलं हे सिद्धच सांगतो, सप्ताह कसा करायचा तेही. वेळ नसला की पुष्कळ जण तेवढीच वाचतात. या खेपेला तसं करू नका. नवव्यापासून पन्नासाव्यापर्यंत परीट लक्षात ठेवून वाचा.