नाव, देह आणि देणं

पुण्याजवळ रांजणगावच्या एमआयडीसीत व्हर्लपूल ऑफ इंडियाचं नोंदणीकृत कार्यालय आहे. प्रत्येक कंपनीला सरकार एकवीस अक्षरांचा ओळख क्रमांक देतं आणि त्यात तिच्या जन्माचं साल असतं. व्हर्लपूलच्या क्रमांकात हे साल १९६० आहे. आपल्या घराघरांत हे नाव पोचलं ते मात्र नव्वदच्या दशकात. १९६० साली जन्मली होती ती केल्विनेटर ऑफ इंडिया, फरीदाबादची, जाहिरातीत पेंग्विन असलेली. १९९५ मध्ये अमेरिकेच्या व्हर्लपूलनं तिचा ताबा घेतला. पुढच्या वर्षी तिचं नाव बदललं, टीव्हीएसबरोबरचा वॉशिंग मशीनचा उद्योगही तिच्यात आला. कंपनी निबंधकाच्या दफ्तरात मात्र त्या वर्षी केल्विनेटरचा मृत्यू नाही आणि व्हर्लपूलचा जन्म नाही. व्यक्ती तीच, नाव नवं.

‘केल्विनेटर’ या नावाचा प्रवास वेगळाच आहे. ग्लासगो विद्यापीठाजवळून केल्विन नावाची नदी वाहते. विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाला १८९२ मध्ये उमराव केलं, तेव्हा त्यानं या नदीचं नाव घेतलं आणि तो लॉर्ड केल्विन झाला. १९१४ मध्ये डेट्रॉइटला घरगुती शीतयंत्राचा उद्योग सुरू झाला आणि त्या यंत्राला या शास्त्रज्ञाचं नाव मिळालं. १९३७ मध्ये ती कंपनी नॅश या मोटार कंपनीशी एकत्र झाली, १९५४ मध्ये त्यातून अमेरिकन मोटर्स झाली. १९६८ मध्ये केल्विनेटर व्हाइट कन्सॉलिडेटेडकडे गेलं आणि १९८६ मध्ये त्या कंपनीसकट स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सकडे. म्हणून फरीदाबादचा कारखाना, तिथली यंत्रं, तिथले कामगार व्हर्लपूलकडे गेले तरी नाव इलेक्ट्रोलक्सकडे राहिलं, आणि भारतात वेगळ्याच कारखान्यांतून निघालेल्या फ्रिजवर ते पुन्हा लागलं. २००५ मध्ये इलेक्ट्रोलक्सचा इथला उद्योग औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉननं घेतला. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२५ मध्ये केल्विनेटर हे नाव रिलायन्स रिटेलनं विकत घेतलं.

एखाद्यानं १९८५ मध्ये केल्विनेटरचा फ्रिज घेतला असेल, तर ज्या केल्विनेटरवर त्यानं विश्वास टाकला ते आज कुठे आहे? ज्या कायदेशीर व्यक्तीनं तो फ्रिज बनवला ती व्हर्लपूल म्हणवते. जे नाव पाहून त्यानं पैसे मोजले ते रिलायन्सकडे आहे. हा प्रश्न मला ग्राहक कायद्याचा वाटत नाही. तो आत्म्याचा प्रश्न आहे, आणि याच अर्थानं तो गेली अनेक वर्षं माझ्या डोक्यात आहे.

नोकरीची बरीच वर्षं मी मुंबईत कंपनी सेक्रेटरी म्हणून विलीनीकरणाच्या योजनांचे मसुदे केले. २०१६ पर्यंत या योजना उच्च न्यायालयात मंजूर होत, नंतर कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाऊ लागल्या. माझे बाबा नागपुरात फ्रिज दुरुस्त करायचे. गॅस भरणं, लीक शोधून ब्रेझिंग करणं, रिले बदलणं, कट मारणारा कॉम्प्रेसर खोलून बसणं, हे त्यांचं काम. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची बातमी त्यांच्यापर्यंत वर्तमानपत्रातून येत नसे, सुट्या भागांच्या दुकानातून येई. एखादा थर्मोस्टॅट मिळेनासा झाला की त्यांना कळायचं, कुठेतरी काहीतरी विकलं गेलं. गिऱ्हाईक काळजीनं विचारायचं, ‘मिस्त्री, आता ही कंपनी राहिली की नाही?’ बाबा उलट विचारायचे, ‘गॅरंटीच्या कार्डावर शिक्का कोणाचा आहे?’ कंपनी राहिली की गेली, हे त्यांच्या लेखी एवढ्यावरच ठरायचं. मला वाटतं, मी पुढे जे काही वाचलं ते सगळं बाबांच्या या प्रश्नाभोवती फिरत राहिलं.

माझ्या आजोबांनी १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. आमच्या घरात आत्मा ही गोष्ट शिकवली गेली नाही. मात्र कंपनी कायदा वाचायला घेतला तेव्हा पहिल्याच प्रकरणात आत्मा भेटला. कंपनी ही कायद्याची व्यक्ती, भागधारक मेले तरी ती मरत नाही, संचालक बदलले तरी बदलत नाही, नाव बदललं तरी तिचे हक्क आणि तिची देणी जिथल्या तिथे राहतात. जुनी वस्त्रं टाकून नवी धारण करणाऱ्या देहीची गीतेतली कल्पना आपल्याकडे कोणालाही ठाऊक असते. निबंधकाचं दफ्तर अगदी त्याच समजुतीवर चालतं. १९६० चा तो आकडा हा त्या न बदलणाऱ्या देहीचा पुरावा.

पण त्याच कायद्यात विलीनीकरणाचं कलम आहे. १९५६ च्या कायद्यात ते ३९४ होतं, २०१३ च्या कायद्यात २३२ आहे. एक कंपनी दुसरीत विलीन होते तेव्हा पहिली संपते, आणि नेहमीच्या अवसायनाशिवाय संपते. म्हणजे तिचा हिशोब मिटवून, देणी फेडून, दार बंद करून नव्हे. तिची मालमत्ता, तिची कर्जं, तिच्यावर चाललेले खटले, सगळं दुसरीकडे वाहून जातं. इथे आत्मा नाही. व्यक्ती उरलेलीच नाही, उरलं आहे फक्त तिचं केलेलं आणि देणं लागलेलं. पहिल्यांदा हे कलम नीट वाचलं तेव्हा मला नागसेन आठवला.

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारत जातो. रथाचा संवाद सर्वांना माहीत असतो: चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, जू म्हणजे रथ नाही, आणि या सगळ्यांपलीकडे रथ नावाची निराळी वस्तूही नाही. कंपनीबद्दल विचार करणारा माणूस बहुधा इथेच थांबतो. मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. राजा विचारतो, पुढच्या जन्मात जाणारं नामरूप हेच नसेल, तर माणूस आपल्या पापातून सुटला असं नाही का? नागसेन आंब्याच्या चोराचं उदाहरण देतो. चोर पकडला जातो आणि म्हणतो, या माणसानं लावले ते आंबे वेगळे होते, मी तोडले ते वेगळे, तेव्हा मी याचं काही चोरलं नाही. राजा, तू त्याला सोडशील? राजा म्हणतो, नाही, शिक्षा करीन, कारण तोडलेले आंबे त्या लावलेल्या आंब्यांतूनच आले. नागसेनाचं म्हणणं असं की एकसारखेपणा सिद्ध करायची गरजच नाही. एकातून दुसरं आलं, एवढं देणं चिकटायला पुरे.

हे मला फार मोठं वाटतं. जबाबदारीसाठी आत्मा लागतो अशी आपली समजूत आहे. ‘तोच तो’ असल्याशिवाय दोषी कोण, ऋणी कोण, असं आपण विचारतो. नागसेन क्रम उलटा करतो. देणं पुढे जातं, म्हणूनच आधीच्याला आणि नंतरच्याला आपण एका धाग्यात ओवतो. योजनेच्या प्रत्येक मसुद्यात कामगारांबद्दल एक परिच्छेद असे: सेवेत खंड न पडता, आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर सर्व कर्मचारी नव्या कंपनीचे होतील. औद्योगिक विवाद कायद्याचं २५ एफएफ कलम याच्या मागे उभं होतं. उद्योग हस्तांतरित झाला आणि सेवेत खंड पडला, तर कामगाराला भरपाई द्यावी लागे. हा परिच्छेद टंकलेखकाला पाठ झालेला असे, वकील तो न वाचता पुढे जात. मी तो प्रत्येक वेळी पूर्ण वाचत असे. कारखान्यात वीस वर्षं दरवाज्याचं रबर बसवणाऱ्या माणसाची ग्रॅच्युइटी त्या ओळीतून एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जात होती.

विभाजनाचं कोडं याहून अवघड. १८७८ मध्ये इंग्लंडात चेम्सफर्डला सुरू झालेल्या क्रॉम्प्टन यांच्या उद्योगाचं नाव मुंबईत येऊन क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज झालं. २०१५-१६ मध्ये या कंपनीचा पंखे-दिव्यांचा उद्योग वेगळा काढला गेला. एकीकडे ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी, दुसरीकडे घरगुती उपकरणं. ‘तोच तो’ म्हणणाऱ्याला इथे उत्तर नाही, कारण एका देहीचे दोन देही होत नाहीत. देण्याच्या बाजूनं पाहिलं तर मात्र उत्तर सरळ आहे. कोणतं ऋण कोणाकडे गेलं ते परिशिष्टात लिहिलेलं असतं.

मग आंब्याचा चोर सुटतो कुठे? जिथे फक्त नाव विकलं जातं तिथे. आमच्या मोहल्ल्यात एका परिचारिकेनं हप्त्यांवर वॉशिंग मशीन घेतलं होतं. वर्ष भरायच्या आत ते बंद पडलं. तोवर त्या कंपनीनं आपलं नाव दुसऱ्या कोणाला विकलं होतं. सेवा केंद्रातल्या मुलानं तिला सांगितलं, ‘मॅडम, आम्ही फक्त नाव घेतलंय, जुना माल आमचा नाही.’ कायद्यानं तो चुकत नव्हता. आंबा वेगळा आहे, असंच तो म्हणत होता. तिनं मात्र नाव वाचूनच पैसे दिले होते. वारकऱ्यांकडे नामाला रूपाहून मोठं मानतात, पण नाम घेणाऱ्याला खात्री असते की ज्याचं नाम, तो त्या नामापासून दूर नाही. बाजारातलं नाव हीच खात्री मागतं. ते विकताना मात्र खात्री बाजूला काढून ठेवता येते, हे मला अन्यायाचं वाटतं.

विकत घेतलेलं नाव खोटंच असतं असं मी म्हणत नाही. हवेली राम गांधी यांनी सुरू केलेला हॅवेल्स हा ब्रँड किमत राय गुप्ता यांनी १९७१ मध्ये विकत घेतला. ते नाव त्यांचं नव्हतं, त्यांच्या घराण्याचंही नव्हतं. पुढच्या अर्ध्या शतकात त्या नावाखाली जे स्विच, जे पंखे विकले गेले त्यांना ते कुटुंब जबाबदार राहिलं. दत्तक मुलानं घराण्याचं ऋणही उचललं, तर त्याला परका कोण म्हणेल?

शेवटची अडचण माझ्या विचाराविरुद्ध जाते, आणि ती टाळता येत नाही. दिवाळखोरी संहितेत न्यायाधिकरणानं तोडगा मंजूर केला की जुनी देणी, त्या तोडग्यात नसतील तर, संपतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घनश्याम मिश्रा खटल्यात हे स्पष्ट केलं. नव्या मालकाला कोरी पाटी मिळते. यामागे करुणाही आहे, कारण जुन्या पापांच्या ओझ्याखाली कारखाना बंदच राहिला तर उरलेल्या कामगारांचंही पोट जातं. खुनी दरोडेखोर अंगुलिमालाला बुद्धानं संघात घेतलं. राजा पसेनदी त्याला पकडायला निघाला होता, त्यानं शेवटी त्याला नमस्कार केला. राज्याच्या लेखी पाटी कोरी झाली. पण अंगुलिमाल भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी फेकलेली ढेकळं, काठ्या, दगड त्याला लागले. डोकं फुटून रक्तबंबाळ तो परत आला. बुद्धानं त्याला सांगितलं, सहन कर. जे राजानं माफ केलं ते लोकांकडून माफ झालं नव्हतं, आणि बुद्धानं लोकांना चूक म्हटलं नाही. कोऱ्या पाटीवर ज्यांचं नाव पुसलं जातं ते बहुधा छोटे पुरवठादार असतात, कंत्राटी कामगार असतात. त्यांच्याकडे दगडही नसतात.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताला विरोध केला. गरिबाची दशा त्याच्याच मागच्या कर्मांचं फळ आहे असं सांगून राज्य आणि समाज आपली जबाबदारी झटकतात, हे त्यांनी दाखवलं. शतकानुशतकं या देशात देणं पुढे वाहत आलं ते फक्त खालच्या दिशेनं: अमक्याच्या पोटी जन्मलास म्हणून तू फेड. आणि ज्याच्याकडे मालमत्ता, ज्याच्याकडे नाव, तो प्रत्येक पिढीत नव्यानं निष्पाप जन्माला आला. म्हणून कलम २३२ मधली ती रूक्ष ओळ मला धम्माच्या जवळची वाटते. तिथे देणं मालमत्तेबरोबर जातं, माणसाच्या जातीबरोबर नाही. नावाच्या विक्रीलाही हाच नियम लावावा, असं माझं ठाम मत आहे. ब्रँडच्या हस्तांतरणाची नोंद व्हायची असेल, तर त्या नावानं आधी विकलेल्या मालाची गॅरंटी कोण पाळणार आणि सुटे भाग किती वर्षं देणार, हे त्याच दस्तात लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ते ग्राहकाला वाचायला मिळालं पाहिजे. मसुदा अवघड नाही. असे परिच्छेद मी कामगारांसाठी आयुष्यभर लिहिले आहेत.